चक्कीची खोली : करार संपल्यावरच्या भाडेवाढीचं एक प्रकरण

हे प्रकरण एका पिठाच्या चक्कीचं आहे. गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, राळेगावच्या बाजूचं, आठवडी बाजार भरणारं. नगरपंचायत नाही, नगरपरिषद नाही, ग्रामपंचायतच. भाडेकरू बाईंना सगळं गाव ताई म्हणतं आणि घरमालकांना काकाजी, म्हणून इथेही तेच म्हणतो. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. कोणी काय आधी केलं आणि काय नंतर, तो क्रम मात्र तसाच ठेवला आहे, कारण सगळं त्यावरच फिरलं.

मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो. हे काम विधी सेवा समितीकडून, म्हणजे मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या कोर्टातल्या समितीकडून, माझ्याकडे आलं. भाड्याचं भांडण घेऊन येणारा खेड्यातला माणूस पहिल्यांदा एकच गोष्ट विचारतो, "साहेब, मालकाले किती टक्के वाढवता येते?" त्याला एक आकडा हवा असतो, जो मालकाच्या तोंडावर फेकता येईल. बहुतेक गावांसाठी असा आकडाच नाही. भाडेकरूचं संरक्षण आहे, पण ते दुसऱ्या ठिकाणी आहे, आणि ते माहीत नसल्यामुळे माणसं एक तर घाबरून जागा सोडतात, नाही तर भाडं देणं बंद करून हातातली बाजू घालवून बसतात. ताईंनी यातलं काहीच केलं नाही.

जागा आणि मागणी

बाजाराच्या गल्लीत बारा बाय पंधराची खोली, वर टिनं, समोर शटर. ताईंच्या नवऱ्यानं अकरा वर्षांपूर्वी ती घेतली आणि सिमेंटचा पाया घालून चक्की बसवली. साडेसात हॉर्सपॉवरची मोटर, थ्री फेज मीटर, बाजूला मिरची-हळदीचं कांडप यंत्र. नवरा गेल्यावर ताईंनी चक्की स्वतः चालवायला घेतली. दगडाला टाकी लावायचं कामही त्या शिकल्या. भाडं सुरुवातीला १,५०० होतं, मग २,००० झालं आणि शेवटची पाच वर्षं २,५०० रुपये. डिपॉझिट २०,०००.

दिवाळीत काकाजींचा मुलगा पुण्याहून आला. त्यानं सांगितलं, जानेवारीपासून नवा करार, भाडं ६,०००, डिपॉझिट एक लाख आणि पुढे दरवर्षी दहा टक्के वाढ. नसेल जमत तर महिन्याभरात खोली रिकामी करा. छोटी कर्जं देणाऱ्या एका कंपनीला गावात वसुलीचं कार्यालय हवं होतं आणि ती तेवढं भाडं द्यायला तयार होती, असं त्याचं म्हणणं. काकाजी शेजारीच बसले होते. ते एवढंच बोलले, "मले काई तुमच्यावर राग नाही ताई, पण पोरगा म्हंते आता भाव तसाच हाय."

"सहा हजार मी आणू कुठून जी?" ताई म्हणाल्या. "चक्की इकून द्या लागन."

हे रडगाणं नव्हतं. माझ्यासमोर त्यांनी हिशोब मांडला तो असा. सरासरी दिवसाला नव्वद किलो दळण, किलोला पाच रुपये, म्हणजे साडेचारशे. वीज जाणं आणि सुट्या धरून महिन्याचे सव्वीस दिवस, म्हणजे ११,७००. त्यातून विजेचं बिल साडेतीन हजाराच्या आसपास, पट्टा, बेअरिंग, दगड यांचे सात-आठशे. भाडं द्यायच्या आधी हातात राहतात साडेसात हजार. मागितलेलं भाडं सहा हजार. दोन लेकरं आणि सासू यांना उरतात दीड हजार. कांडप यंत्राचे पैसे उन्हाळ्यातले दोन महिनेच येतात.

चक्की दुसरीकडे हलवणं म्हणजे टेबलखुर्ची उचलून नेण्यासारखं काम नाही. पाया नव्याने घालावा लागतो, थ्री फेजची नवी जोडणी घ्यावी लागते, आणि एकदा गिऱ्हाइकाचं पाऊल दुसऱ्या चक्कीकडे वळलं की ते परत येईलच असं नाही. हे मालकाला पक्कं माहीत असतं. करार संपताना पाया रोवून बसलेल्या धंद्यावर दाब जास्त येतो तो यामुळेच, आणि म्हणून अशा धंद्यानं कागदाकडे इतरांपेक्षा जास्त लक्ष द्यायला हवं.

पिशवीतले कागद

ताई एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आल्या. त्यात स्टँप पेपरवरचे चार करार होते, प्रत्येक अकरा महिन्यांचा. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे, ती टाळण्यासाठी ही अकरा महिन्यांची पद्धत पडली आहे. शेवटचा करार पाच वर्षांपूर्वीचा, २,५०० रुपये भाड्याचा. तो संपल्यावर नवा कोणी केलाच नाही. ताई भाडं देत राहिल्या, काकाजी घेत राहिले.

पावती एकही नव्हती. पण एक डायरी होती, तपकिरी पुठ्ठ्याची, पिठानं कडा पांढऱ्या झालेली. दर महिन्याची तारीख, रक्कम आणि पुढे काकाजींची सही. मी ती पान पान पाहिली. एका ठिकाणी सलग दोन महिने सहीची जागा रिकामी होती. तिथे ताईंनी लिहून ठेवलं होतं, "काकाजी नागपूरले दवाखान्यात", आणि तिसऱ्या महिन्यात तिन्ही रकमांपुढे एकाच दिवसाच्या तारखेच्या तीन सह्या घेतल्या होत्या. कोर्टात अशी डायरी कोऱ्या करकरीत पावतीपुस्तकापेक्षा जास्त बोलते. वर्षानुवर्षं त्या त्या वेळी लिहिलेला कागद एका रात्रीत बनवता येत नाही.

विजेची बिलं ताईंच्या नावावर होती. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ चा, म्हणजे घरपट्टीच्या नोंदीचा, उतारा होता, त्यात मालक म्हणून काकाजी आणि भोगवटादार, म्हणजे जागा वापरणारा, म्हणून ताईंचं नाव. या उताऱ्याकडे मी त्या दिवशी फारसं लक्ष दिलं नाही, कारण भाडेकरूच्या दृष्टीनं तो ताबा दाखवणारा आणखी एक कागद, एवढंच. भांडणाचं मूळ त्याच रकान्यात असल्याचं पुढे कळलं.

कोणता कायदा लागतो

ताईंच्या भाच्यानं मोबाईलवर आलेला एक मेसेज दाखवला. नव्या कायद्यानुसार तीन महिने आधी लेखी सूचना दिल्याशिवाय भाडं वाढवता येत नाही आणि दुकानासाठी सहा महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही, असं त्यात लिहिलेलं. हे आहे आदर्श भाडेकरू कायद्यातलं, ज्याला केंद्रीय मंत्रिमंडळानं जून २०२१ मध्ये मंजुरी दिली. पण तो नमुना आहे. राज्यानं तो स्वीकारून आपला कायदा केल्याशिवाय कोणाला लागू होत नाही. महाराष्ट्रात चालतो तो महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९, जो ३१ मार्च २००० पासून अमलात आला.

विदर्भातल्या जुन्या माणसांना त्याआधीचा काळ आठवतो. इथे १९४९ चा मध्य प्रांत व वऱ्हाड घरभाडे नियंत्रण आदेश होता. रेंट कंट्रोलरची परवानगी घेतल्याशिवाय मालकाला भाडेकरूला जागा सोडण्याची नोटीससुद्धा देता येत नसे. १९९९ च्या कायद्यानं तो आदेश, मुंबईचा १९४७ चा कायदा आणि मराठवाड्यातला हैदराबादचा कायदा, तिन्ही गुंडाळून एकच कायदा केला. त्यात भाडेकरूला बरंच काही आहे. कलम ११ प्रमाणे वर्षाला चार टक्के वाढ, त्याशिवाय सुधारणांचा आणि वाढलेल्या कराचा वाटा. कलम १५ प्रमाणे भाडं थकलं तरी लेखी मागणीनंतर नव्वद दिवस जाऊ दिल्याशिवाय मालकाला दावा करता येत नाही. कलम १६ मध्ये सांगितलेल्या कारणांशिवाय जागा खाली करून मागता येत नाही. कलम २९ प्रमाणे पाणी-वीज तोडणं गुन्हा. कलम ३१ प्रमाणे पावती देणं बंधनकारक. आणि कलम ५५: करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, ती जबाबदारी मालकाची, आणि तो नसेल तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते धरून चालायचं, मालकानं उलटं सिद्ध करेपर्यंत.

पण हा कायदा गावोगाव लागू नाही. त्याच्या अनुसूचींत ज्या शहरांची आणि क्षेत्रांची नोंद आहे, किंवा जुने भाडे कायदे जिथे आधीपासून लागू होते, तिथेच तो लागतो. ताईंची बहीण यवतमाळ शहरात भाड्याच्या दुकानात शिवणकाम करते. तिच्या मालकानं असंच केलं असतं तर तिचा वकील कलम ११ उघडून बसला असता. ताईंचं गाव ग्रामपंचायतीचं. तिथे चार टक्के नाहीत, नव्वद दिवस नाहीत, कलम ५५ नाही. एकाच घरातल्या दोन बहिणी, एकीला पूर्ण छत्र आणि दुसरी उघड्यावर. हे मला अन्यायाचं वाटतं, आणि हा फरक लोकप्रतिनिधींपुढे कोणी मांडतही नाही, कारण गावात भाड्यानं राहणारा माणूस तिथला मतदार असतोच असं नाही. २०१४ नंतर विदर्भातली तालुक्याची कित्येक गावं नगरपंचायती झाली. अशा गावातल्या भाडेकरूनं तरी आपली जागा कायद्याच्या कक्षेत येते का, हे अनुसूची आणि राजपत्रातल्या अधिसूचना पाहून वकिलाकडून तपासून घ्यावं. आपण शहरात आलो असं समजून दावा लावला आणि कायदाच लागू नाही असं निघालं, तर वर्ष वाया जातं.

मग ताईंना काय लागू? १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा. तो ब्रिटिशांच्या काळातला असला तरी त्याच्या पोटात भाडेकरूसाठी बऱ्याच गोष्टी आहेत.

करार संपल्यावर भाडेकरू बसून राहिला आणि मालकानं भाडं घेतलं, तर कलम ११६ प्रमाणे तो महिन्या-महिन्याचा भाडेकरू होतो. अतिक्रमण करणारा होत नाही. म्हणजे "तुमचा करार कधीचाच संपला, तुम्ही फुकट बसल्या आहात" हे मुलाचं म्हणणं डायरीतल्या पहिल्याच सहीनं खोटं ठरत होतं. महिन्या-महिन्याचा भाडेपट्टा संपवायचा तर कलम १०६ प्रमाणे पंधरा दिवसांची नोटीस लागते, लेखी आणि सही केलेली. दिवाळीच्या फराळावर तोंडी सांगणं म्हणजे नोटीस नव्हे. अशी नोटीस येत नाही तोपर्यंत जुनं भाडं हेच भाडं. मालक एकट्यानं ते सहा हजार करू शकत नाही, कारण भाडं दोघांच्या संमतीनं ठरतं.

कलम १०६ मध्ये शेती किंवा उत्पादनासाठी दिलेल्या जागेचा भाडेपट्टा मात्र वर्षावारीचा, म्हणजे वर्षा-वर्षाचा, धरून त्याला सहा महिन्यांची नोटीस सांगितली आहे. गव्हाचं पीठ करणं हे उत्पादन, असं म्हणता येतं. मुद्दा मोहात पाडणारा आहे आणि तालुक्यातले काही वकील मित्र त्यावरच भर देतात. मी ताईंना त्यावर विसंबू दिलं नाही. वर्षावारीचा भाडेपट्टा नोंदणीकृत कागदानंच होतो, असं कलम १०७ सांगतं, आणि सर्वोच्च न्यायालयानंही नोंदणी नसलेल्या करारावर सहा महिन्यांच्या नोटिशीचा हक्क सांगणाऱ्या भाडेकरूचं म्हणणं मान्य केलं नाही. ताईंचे चारही करार बिननोंदणीचे. शिवाय स्टँप पुरेसा नसलेला करार कोर्ट पुराव्यात घेतच नाही, शुल्क आणि दंड भरल्यावर घेतं.

मग पंधरा दिवसांची नीट नोटीस आली तर? तरीही मालकाला स्वतःच्या हातानं बाहेर काढता येत नाही. दिवाणी कोर्टात दावा, हुकूमनामा म्हणजे कोर्टाचा निकाल, त्याची अंमलबजावणी, याच रस्त्यानं यावं लागतं. त्यानं जबरदस्तीनं काढलंच, तर विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा करून ताबा परत मिळतो, आणि त्या दाव्यात मालकी कोणाची हा प्रश्न कोर्ट विचारत नाही.

थोडक्यात, भाडं वाढवून मागण्याचा हक्क काकाजींना होता. कितीही मागण्याचा होता. कुलूप लावण्याचा नव्हता. या दोन गोष्टींमध्ये जी जागा उरते तीच गावातल्या भाडेकरूची, आणि बोलणी करायची ती तिथे उभं राहून.

याला दुसरी बाजूही आहे आणि ती मी प्रत्येक अशिलाला सांगतो. नोटिशीची मुदत संपल्यावरही बसून राहिलात आणि पुढे दावा हरलात, तर त्या काळाची नुकसानभरपाई जुन्या भाड्यानं नव्हे, बाजारभावानं द्यावी लागू शकते. तीन वर्षं खटला चालला आणि कोर्टानं महिना पाच हजार धरले, तर चक्की विकूनही ते फिटणार नाहीत. कोर्टात वेळ काढू, मालकच कंटाळेल, हा सल्ला देणारे गावात पुष्कळ असतात. भरपाई मात्र ते भरत नाहीत.

पैसे देत राहणं

डिसेंबरचं भाडं काकाजींनी घेतलं नाही. मुलानं मना केलं होतं. ताई दोनदा जाऊन परत आल्या. तिसऱ्या वेळी मी सांगितलं, आता हातात नेऊ नका, मनीऑर्डर करा. त्यांनी २,५०० ची मनीऑर्डर केली आणि संदेशाच्या जागी "डिसेंबर महिन्याचे खोलीभाडे" एवढंच लिहिलं. पोस्टमननं ती "घेण्यास नकार" अशा शेऱ्यानं परत आणली. ताईंना वाईट वाटलं. मला तो कागद हवाच होता. भाडेकरू भाडं द्यायला तयार होता आणि मालकानं घेतलं नाही, हे सांगणारा तो सरकारी शिक्क्याचा कागद आहे. परत आलेले पैसे त्यांनी वेगळ्या खात्यात ठेवले, खर्च केले नाहीत. जानेवारीतही तेच केलं.

ज्यांच्याकडे मालकाचा बँक खाते क्रमांक आहे त्यांनी थेट खात्यात भरावं, ते आणखी सोपं. भाडं थांबवायचं मात्र नाही. रागानं भाडं थांबवलेल्या भाडेकरूचं प्रकरण हातात घेतलं की मला पहिली दोन वर्षं थकबाकीचं उत्तर देण्यातच घालवावी लागतात.

कुलूप

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, बाजाराच्या आदल्या रात्री, शटरवर ताईंच्या कुलपाशेजारी दुसरं कुलूप लागलं. सकाळी सहाला ताई आल्या तेव्हा चार-पाच जणं दळण घेऊन उभी होती. आत आदल्या दिवशीचे लोकांचे डबे होते.

भाचा हातोडा घेऊन आला. ताईंनी त्याला थांबवलं. हा निर्णय त्यांचा स्वतःचा, मला फोन करायच्या आधीचा, आणि या सगळ्या प्रकरणात मला त्याचं सर्वांत जास्त मोल वाटतं. कुलूप तोडलं असतं तर दुपारपर्यंत तक्रार त्यांच्यावरच झाली असती. त्यांनी मोबाईलवर दोन्ही कुलपांचे फोटो काढले, उभ्या असलेल्या गिऱ्हाइकांची नावं डायरीच्या मागच्या पानावर लिहून सह्या घेतल्या, आणि मग फोन केला.

त्या दिवशी तीन गोष्टी झाल्या. पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली. ठाण्यात "हे दिवाणी प्रकरण आहे" असं उत्तर मिळतं हे माहीत असतं, तरी अर्ज द्यायचा, कारण तारखेचा शिक्का महत्त्वाचा. पोलीस पाटील आणि गावातली भांडणं गावातच मिटवणाऱ्या तंटामुक्ती समितीच्या अध्यक्षांना कळवलं. आणि मी काकाजींना नोटीस पाठवली, की ताबा ताईंचा आहे, भाडं देऊ केलेलं आहे, आणि कुलूप निघालं नाही तर मनाई हुकूम आणि ताबा दोन्हींसाठी दावा लावू. पुढच्या दिवशी दुपारी कुलूप निघालं. काढायला काकाजी स्वतः आले होते.

त्याच आठवड्यात मुलानं वीज कार्यालयात अर्ज दिला, की जागामालकाची हरकत असल्यानं जोडणी बंद करावी. तिथल्या अधिकाऱ्यांनी ताईंकडून खुलासा मागवला. विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ४३ मध्ये मालक "किंवा भोगवटादार" असे शब्द आहेत. मालकानं ना-हरकत दिली नाही या कारणासाठी भाडेकरूला वीज नाकारता येत नाही, जागा त्याच्या ताब्यात आहे का एवढंच पाहायचं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. आम्ही तेवढंच लिहून दिलं, सोबत बिलं जोडली. वीज चालू राहिली.

काकाजींची भीती

तंटामुक्ती समितीची बैठक ग्रामपंचायतीच्या सभागृहात झाली. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झाली. काही गावांत समिती नावालाच उरली आहे, या गावात ती चालते. अध्यक्ष निवृत्त शिक्षक होते आणि त्यांनी एक चांगलं काम केलं: आकड्यांवर बोलूच दिलं नाही. आधी काकाजींना विचारलं, अकरा वर्षं काही वाद नव्हता, आत्ताच काय झालं?

काकाजींनी खिशातून नमुना ८ चा उतारा काढला. घरपट्टीच्या फेरआकारणीच्या वेळी मुलानं तो पाहिला होता. भोगवटादार म्हणून ताईंचं नाव पाहून तो हादरला. पुण्यात कोणीतरी त्याला सांगितलेलं, बारा वर्षं ताबा राहिला की जागा भाडेकरूची होते. ताईंना अकरा वर्षं झाली होती. "पुढच्या साली खोली गेली म्हना," काकाजी म्हणाले. "माह्या बापाची आठ एकर कुळात गेली. आता खोली बी जाऊ देऊ का?"

इतक्या वेळात पहिल्यांदाच मला हे प्रकरण नीट दिसलं. विदर्भात १९५८ चा कूळकायदा आला. ज्या घरांतून जमिनी गेल्या त्यांच्या मनातून ती धास्ती दोन पिढ्या गेलेली नाही. ज्या कुळांना जमिनी मिळाल्या ती माणसं पोटभर जेवू लागली हेही खरं, आणि तो कायदा झाला हे चांगलंच झालं. पण दुकानाच्या खोलीचा त्याच्याशी काही संबंध नाही. तो शेतजमिनीचा कायदा. आणि बारा वर्षांचं म्हणाल, तर भाडेकरू म्हणून आत आलेला माणूस कितीही वर्षं राहिला तरी मालकाची मालकी नाकारू शकत नाही. पूर्वीच्या पुरावा कायद्याचं कलम ११६ हेच सांगत होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ चं कलम १२२ सांगतं. बारा वर्षांचा नियम मालकाविरुद्ध, उघडपणे, त्याचा हक्क झुगारून बसलेल्यासाठी आहे. दर महिन्याला भाडं देऊन सही घेणारी बाई मालकाचा हक्क दर महिन्याला मान्यच करत असते. नमुना ८ ही करआकारणीची नोंद आहे, तिनं मालकी ठरत नाही.

मी हे काकाजींना त्यांच्याच भाषेत, डायरी त्यांच्या हातात देऊन सांगितलं. ही डायरी ताईंचा पुरावा आहे तितकाच तुमचाही आहे. यातली तुमची प्रत्येक सही सांगते की खोली तुमची. काकाजींनी चष्मा लावून बरीच पानं पाहिली. मुलगा फोनवर होता, त्यालाही ऐकवलं. त्याचा विश्वास लगेच बसला नाही. त्यानं आपल्या ओळखीच्या वकिलाला विचारायला चार दिवस मागितले, आणि ते रास्तच होतं.

मालकाच्या भीतीला उत्तर देणं हे भाडेकरूच्या वकिलाचं काम नाही असं काही सहकारी मानतात. मी त्यांच्याशी सहमत नाही. कितीतरी घरमालक अकरा महिन्यांच्या आत भाडेकरू बदलतात, पावती देत नाहीत, खात्यात पैसे घेत नाहीत, ते लोभानं नाही तर या चुकीच्या समजुतीनं. त्याची किंमत भाडेकरू भरतो.

आकडे

चार दिवसांनी बोलणी झाली ती खऱ्या अर्थानं भाड्यावर. मुलगा साडेपाच हजारांवर आला. आम्ही तीन आकडे समोर ठेवले.

पहिला, १९९९ च्या कायद्याचा. तो इथे लागू नाही हे आधीच मान्य करून. २,५०० वर दरवर्षी चार टक्के, वाढीवर वाढ धरली तरी पाच वर्षांनी ३,०४२ च्या आसपास होतात. शेजारच्या शहरात कायदा जे वाजवी मानतो ते हे, एवढंच आमचं म्हणणं. दुसरा, त्याच गल्लीतल्या खोल्यांचं भाडं. सलून २,८००, मोबाईल दुरुस्तीवाला ३,५००, कृषी केंद्र दोन गाळे मिळून ८,०००. तिसरा, काकाजींचा खर्च. घरपट्टी वाढली होती आणि टिनं बदलायला झाली होती. ती बदलायची असतील तर वाढ मागण्यात अर्थ आहे, हे ताईंनी आपणहून मान्य केलं.

कर्ज कंपनीचा देकार खरा होता का? अध्यक्षांनी विचारलं तेव्हा कळलं की तिला शौचालय असलेली जागा हवी होती आणि या खोलीला ते नाही. तिथून आकडा खाली आला.

काय ठरलं

भाडं ३,५००, पुढे दरवर्षी पाच टक्के. मुदत तीन वर्षं, आणि यावेळी भाडेपट्टा दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला. शुल्क आणि खर्च निम्मा-निम्मा. टिनं पावसाळ्याआधी काकाजींनी बदलायची. मुदतीच्या आत खोली मालकाला स्वतःसाठी लागलीच, तर सहा महिन्यांची लेखी नोटीस. जो हक्क आम्ही कलम १०६ मधून ओढूनताणून काढणार होतो, तो करारात सरळ लिहून मिळाला. मुदत संपायच्या तीन महिने आधी पुढच्या भाड्याचं बोलणं सुरू करायचं, आणि ते ठरेपर्यंत शेवटचं भाडं चालू. भाडं बँक खात्यात. आणि एक कलम काकाजींसाठी: खोलीची मालकी त्यांची असल्याचं भाडेकरूला मान्य आहे, कितीही वर्षं झाली तरी.

शेवटचं कलम लिहिताना ताईंनी विचारलं, यात माझं काही जाते का? काहीच जात नाही. जे कायद्यानं आधीच खरं आहे तेच ते कलम सांगतं.

तंटामुक्ती समितीचा समझोता हा गावाचा शब्द असतो, पण तो मोडला तर कोर्टाचा हुकूमनामा म्हणून राबवता येईलच असं नाही. म्हणून दावापूर्व प्रकरण म्हणून ते लोकअदालतीत नेलं. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम २१ प्रमाणे लोकअदालतीचा निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही. दावा लागलाच नव्हता, त्यामुळे कोर्ट फी पडली नाही. ताईंना वकिलाची फीही द्यावी लागली नाही. त्याच कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना, तसंच अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना मोफत कायदेशीर मदत मिळते, त्यांना उत्पन्नाची अट नाही. तालुक्याच्या कोर्टात समितीचं कार्यालय असतं, तिथे साध्या कागदावर अर्ज द्यायचा. १५१०० या क्रमांकावर फोन केला तरी चालतं.

एका बाबतीत माझं समाधान झालं नाही. डिपॉझिट २०,००० वरून ३५,००० झालं, दोन हप्त्यांत. खोली सोडल्यावर ते किती दिवसांत परत करायचं आणि उशीर झाला तर व्याज किती, हे कलम मी मसुद्यात घातलं होतं. मुलानं व्याज काढायला लावलं, आणि ताई म्हणाल्या, राहू द्या साहेब, इतल्यावर मोडू नका. एक महिन्यात परत, एवढंच राहिलं. म्हणून डिपॉझिटचे दोन्ही हप्ते चेकनं द्यायला लावले आणि रक्कम, चेक क्रमांक, तारीख करारातच लिहून घेतली. दुसरा हप्ता दिवाळीत द्यायचा आहे.